दिवाळीला यायच्या आधी

पुणे,
कोजागिरीचा दुसरा दिवस

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगायचा मी चार वेळा प्रयत्न केला. दर वेळी आई, तू "जेवलीस काय?" असं विचारलंस आणि माझे शब्द तिथंच अडले. म्हणून पत्र लिहिते आहे. बाबा, सकाळची बीपीची गोळी घेऊन झाली की तुम्ही आधी वाचा आणि मग आईला वाचून दाखवा. तिला त्रास होईल म्हणून मधलं काही गाळू नका. आणि सगळ्यात आधी हे ऐका : मी आता बरी आहे. ऑफिसला जाते, पोरांचे डबे करते, रात्री झोप लागते.

फेब्रुवारीत माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं असं मी सांगितलं होतं. ते हर्नियाचं नव्हतं. पोटाची सुटलेली कातडी काढायची, मधले फाकलेले स्नायू शिवून जवळ आणायचे आणि कमरेची चरबी ओढून काढायची, असं ते ऑपरेशन होतं. टमी टक आणि लायपोसक्शन. त्यानंतर तीन आठवडे मी ट्रेनिंगला हैदराबादला गेले होते, तेही खोटं. मी पुण्यातच होते, दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये, कारण पहिलं ऑपरेशन बिघडलं होतं. दादाला माहीत होतं. त्याला काही बोलू नका, मी त्याला शपथ घातली होती.

आई, तुझा पहिला प्रश्न मला ऐकू येतोय : चांगल्या धडधाकट शरीराला सुरी लावून घ्यायची काय गरज होती? गरज होती गं. निदान मला ती गरज वाटत होती. दोन सिझेरियननंतर माझ्या पोटाचे स्नायू मधून दोन-तीन बोटं फाकले होते. शौनक पाच वर्षांचा झाला तरी बसमध्ये बायका उठून मला जागा द्यायच्या. आठ महिने फिजिओथेरपी केली. फरक पडला, पण कातडी काही व्यायामानं आत जात नाही. आणि सोनूच्या लग्नात कार्यालयात मावशींनी सगळ्यांसमोर माझ्या पोटावर हात ठेवून "आता तिसरं काय?" विचारलं, तेव्हा तू शेजारीच होतीस. मी हसले होते. रात्री माडीवर अंथरुणात रडले, ते तुला कळलं नाही.

बाबा, तुम्ही आठवीच्या वर्गाला कावसजीची गोष्ट सांगायचात. टिपूच्या लढाईत नाक कापलं गेलं, पुण्याजवळच्या माणसानं कपाळाची कातडी वळवून नवं नाक केलं आणि ते १७९४ साली लंडनच्या मासिकात चित्रासकट छापून आलं. ऑपरेशन ठरवताना मी ती गोष्ट अजितला सांगितली. आपल्याच मातीतली विद्या आहे, त्यात लाजायचं काय, म्हणून. पुढे हॉस्पिटलात पडल्या पडल्या एकच विचार यायचा : कावसजीचं नाक खरोखर गेलं होतं, माझं काय गेलं होतं? महिनाभर हा प्रश्न मी स्वतःला विचारला. आता विचारत नाही. स्वतःच्या शरीरात सुखानं राहावंसं वाटणं हा गुन्हा नव्हता. गुन्हा असलाच तर तो तुमच्याशी खोटं बोलण्याचा.

आता काय झालं ते एकदाच सांगते. ज्या डॉक्टरांनी मला तपासलं, कागदावर पोटाचं चित्र काढून समजावलं, ते ऑपरेशनला नव्हतेच. टेबलावर आडवी झाल्यावर दुसरेच एक डॉक्टर "गुड मॉर्निंग" म्हणाले. ते प्लास्टिक सर्जन नव्हते, हे मला नंतर कळलं. एमबीबीएसनंतर सर्जरीची डिग्री आणि त्यावर प्लास्टिक सर्जरीचं एम.सीएच. किंवा डीएनबी लागतं. दारावरच्या पाटीवर "कॉस्मेटिक" लिहिलं म्हणजे ते शिक्षण झालं असं नसतं. संमतीचे सहा पानी इंग्रजी कागद माझ्या हातात आले ते ऑपरेशनचा गाऊन घातल्यावर. मी सगळीकडे सह्या केल्या.

चौथ्या दिवशी बेंबीखाली कातडी लाल आणि कडक झाली. मी फोटो पाठवला. उत्तर आलं, "नॉर्मल सूज आहे, बेल्ट घट्ट बांधा." उत्तर देणारी मुलगी डॉक्टर नव्हती, पेशंटच्या अपॉइंटमेंट बघायची. मी बेल्ट घट्ट बांधला. सहाव्या दिवशी १०२ ताप, कातडी जांभळी. परत फोटो, परत तेच उत्तर आणि एका गोळीचं नाव. आठव्या दिवशी मधला भाग काळा पडला आणि त्याला वास यायला लागला. अजितनं मला उचलून गाडीत घातलं आणि दुसरीकडे नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई बेल्ट सोडताना एवढंच म्हणाल्या, "या कातडीचा रक्तपुरवठा तुटलाय, आणि हा बेल्ट तुम्ही अजून बांधून ठेवलाय?"

दोनदा मेलेली कातडी काढली. जखमेवर स्पंज बसवून त्याला व्हॅक्यूमचं मशीन जोडलं. ते रात्रभर गुरगुरायचं, आपल्या जुन्या फ्रिजसारखं. मग डाव्या मांडीची कातडी काढून पोटावर बसवली. तळहाताएवढी. भूल उतरताना मी "आई, मी आलो" असं म्हणत होते म्हणे. तिथली नर्स विदर्भातली, तिला वाटलं मला वात झालाय. अजितनं सांगितलं, आमच्या कोल्हापूरच्या बायका असंच बोलतात.

बेंबी वाचली नाही, आई. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. लहानपणी पोट दुखलं की तू गरम पाण्यात हिंग कालवून जिच्याभोवती बोट फिरवायचीस, तिथे आता गुळगुळीत, पातळ, जरा वेगळ्या रंगाची कातडी आहे. तिला हात लावला तर हाताला कळतं, पोटाला कळत नाही. पण दुखत नाही, खरंच. दिवसातून दोनदा मी त्यावर मलम चोळते, वर सिलिकॉनची पट्टी लावते. वण पिकायला वर्ष-दीड वर्ष जातं, तोवर पुढचं काही करायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय.

बाबा, तुम्ही नेहमी विचारायचात, चूक कुणाची? मी याची उजळणी इतक्यांदा केली आहे की आता डोळे मिटूनही सांगता येते. हौस माझी. पैसे वाचतील म्हणून दोन्ही ऑपरेशनं एकाच दिवशी करायचा हट्टही माझा, आणि लांबलेल्या ऑपरेशनात धोका वाढतो हे मी वाचलेलं होतं. पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते, हेही वाचलं होतं. आणि फॉर्मवर "मधुमेह आहे का" यापुढे मी "नाही" लिहिलं. शौनकच्या वेळी साखर वाढली होती, ते मला त्या क्षणी आठवलं, तरी लिहिलं नाही. ऑपरेशन रद्द होईल अशी भीती वाटली. साखर जास्त असली की जखम भरत नाही. हे मी वकिलांनाही सांगितलंय, लपवलं नाही.

पण साखर तपासणं त्यांचं काम होतं. कोण कापणार हे आधी सांगणं त्यांचं काम होतं. १०२ ताप असलेल्या बाईला "या, बघतो" म्हणणं त्यांचं काम होतं. ऑपरेशन बिघडलं की डॉक्टर दोषी, असं कायदा मानत नाही, आणि मीही मानत नाही. कातडी मरणं चांगल्या हातातही घडू शकतं. पण ते घडत असताना चार दिवस कुणी बघितलंच नाही, याला मी नशीब म्हणणार नाही.

म्हणून मी तक्रार केली आहे. करणार आहे असं नाही, केली आहे. गेल्या महिन्यात जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दाखल झाला, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे वेगळी तक्रार गेली. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, असं सुप्रीम कोर्टानं १९९५ सालीच सांगितलंय. मुदत दोन वर्षांची असते, पण मला थांबायचं नव्हतं. केसपेपर लेखी मागितल्यावर ७२ तासांत द्यावे लागतात. मला ते तिसऱ्या अर्जानंतर मिळाले, आणि त्यात माझ्या तापाची एक ओळही नाही. माझ्या मोबाईलमध्ये मात्र सगळे फोटो आणि उत्तरं तारखेसकट आहेत.

मला माहीत आहे, गल्लीत कळेल. मंगळवार पेठेत कुठली गोष्ट राहते झाकून? कुणी विचारलं तर आई, तू मान खाली घालायची नाहीस. "लेकीचं ऑपरेशन बिघडलं, ती भांडते आहे," एवढं सांगायचं. पुढचं विचारलं तर माझा नंबर द्यायचा.

आणखी एक. तुझ्या पाटल्या. विम्यात कॉस्मेटिक ऑपरेशन बसत नाही, आणि त्यातून उद्भवलेला खर्चही आमच्या कंपनीनं नाकारला. पहिल्या ऑपरेशनला दोन लाख चाळीस हजार माझ्या साठवणीतले गेले, दुसऱ्या हॉस्पिटलचं बिल सहा लाखांच्या वर गेलं. पाटल्या गहाण आहेत, विकलेल्या नाहीत. एक याच महिन्यात सुटते आहे, दुसरी फेब्रुवारीपर्यंत. तू आजीकडून आलेल्या त्या पाटल्या माझ्या हातात घालताना पुसल्या होत्यास पदरानं, ते मी बँकेच्या काउंटरवर उभी असताना विसरले नव्हते.

३१ जानेवारीला संध्याकाळी तू किरणोत्सव बघून आल्यावर मला फोन केला होतास, देवीच्या चरणांवर किरणं आली म्हणून. तुझा आवाज आनंदानं थरथरत होता. माझी बॅग भरलेली होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. माझ्या "हर्निया"साठी तू जोतिबाला पायी गेलीस, गुडघे धरलेले असताना, आणि दादाबरोबर डिंकाचे लाडू धाडलेस. मी ते हॉस्पिटलात खाल्ले, रोज एक. ते नवसाचे होते हे मला दादानं नंतर सांगितलं.

आता तुमचं ऐका. गुडघ्यांसाठी हाडांच्या डॉक्टरांची वेळ दादानं शुक्रवारची घेतली आहे, आई, "बघू" म्हणायचं नाही. गॅसची दुसरी टाकी मी बुक केली आहे. दिवाळीच्या साफसफाईला कामवाल्या मावशींना चार दिवस जादा सांगितलंय, स्टुलावर तुम्ही दोघांपैकी कुणीही चढायचं नाही. बाबा, गंगावेशीत दूध प्यायला जाता ते जा, पण अंधार पडायच्या आत आणि चालत. मोतीबिंदू निघेपर्यंत स्कूटरची किल्ली दादाकडे राहील. लहानपणी तिथं धारोष्ण दुधाचा पेला तुम्ही माझ्या हातात द्यायचात आणि फेसाची मिशी तुमच्या धोतराच्या सोग्यानं पुसायचात, तेवढ्यासाठी तरी मला तुम्ही धड हवे आहात.

आणि मोतीबिंदूचं. ऑपरेशन कोण करणार, त्यांचं नाव आधी विचारा आणि त्याच डॉक्टरांना समोर बघा. संमतीचा कागद आदल्या दिवशी घरी आणायचा, मराठीत मागायचा, दादाबरोबर बसून वाचायचा. साखर, बीपी, रक्त पातळ करायची गोळी, सगळं सांगायचं. डोळा लाल झाला, दुखला किंवा नजर धूसर झाली तर फोटो पाठवत बसायचं नाही, उठून जायचं आणि डॉक्टर बघेपर्यंत तिथून हलायचं नाही. "उगीच त्रास कशाला द्यायचा" हे तुमचं वाक्य तेवढ्या दिवसांपुरतं बंद.

आम्ही वसुबारसेला पोचतो. पोरांसमोर रडू नकोस, आई, त्यांना एवढंच माहीत आहे की मम्माच्या पोटाला लागलंय. पहिल्या अंघोळीला मी पाटावर बसेन, पाठीला आणि डोक्याला तू लाव तेल. पोटाचं मी माझं बघते, आणि तुला बघायचं असेल तर दाखवते. यंदा सोऱ्या फिरवायला मला जमणार नाही, पोटावर अजून ताण येतो. तू भाजणी करून ठेव, चकल्या अजित पाडेल, मी तळायला बसते. आणि बाबा, स्टँडवर घ्यायला येऊ नका, आम्ही रिक्षानं येतो.

तुमची,
सुमी