केक कापायला तलवार कशाला?

संपादक महोदय,

मागच्या आठवड्यात वर्तकनगरात आमच्या गल्लीत रात्री बारा वाजता एका पोराचा वाढदिवस झाला, स्कूटीच्या सीटवर चार केक आणि कापायला चक्क तलवार, पात्यावरचं क्रीम एक सातआठ वर्षांचा मुलगा बोटाने चाटत होता आणि बाकीचे रील काढत होते. मी गॅलरीतून बघत राहिलो, खाली जायची हिंमत झाली नाही, खोटं कशाला बोला.

शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्याच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं हत्यारात मोडतं, घरकामाची नि शेतीची अवजारं सोडून. केक कापणं हे घरकाम असेल तर माहीत नाही बुवा! पोलीस पकडतात, पण बहुतेकदा रील व्हायरल झाल्यावर, मग दोन दिवसांनी हात जोडून माफीचा व्हिडिओ येतो की झालं.

दसऱ्याला शमीवरच्या शस्त्रांची गोष्ट आपण पोरांना हौसेने सांगतो, पण त्याच महाभारतात पुढे स्त्रीपर्व आहे, रणांगणावर मुलांची प्रेतं शोधणारी गांधारी आहे, ते कोण सांगतं? निदान आमच्या इथल्या मंडळांनी गणपतीत एक संध्याकाळ त्यावर ठेवावी, ऑर्केस्ट्रा एक दिवस कमी.

- एक रहिवासी, ठाणे