जुन्या ऑर्गनच्या नळ्या कापू नका

संपादक महोदय,

दिवाणखान्यासाठी बांधलेला जुना पाइप ऑर्गन, म्हणजे भात्याच्या हवेने नळ्या वाजवणारे पट्ट्यांचे वाद्य, चर्चमध्ये हलवताना घाई फार महागात पडते. आधी फोटो, मापे आणि प्रत्येक नळीची क्रमवार नोंद हवी. शिसे-कथिलाच्या नळ्या मऊ असतात. तोंडाची कड जराशी दबली तरी स्वर बदलतो.

खरे दुखणे हवापेटीत, म्हणजे नळ्यांखालच्या, त्यांना हवा पुरवणाऱ्या लाकडी पेटीत असते. हवा कोरडी झाली की लाकूड आकसते, फळीला चीर जाते आणि एका खान्यातली हवा शेजारच्या खान्यात शिरते. मग एक पट्टी दाबली की शेजारचा सूरही कण्हत राहतो. चीर बुजवायला आणि भात्याचे मेंढीचे कातडे चिकटवायला गरम सरसच (जनावरांच्या कातड्या-हाडांचा डिंक) वापरावा. तो पुढच्या कारागिराला ऊब आणि ओल देऊन सोडवता येतो. पांढरा गोंद लाकडात मुरून बसतो. आर्द्रता साधारण ४५ ते ६० टक्के राहू द्यावी.

मोठ्या जागेत आवाज कोवळा वाटेलच. पण तेवढ्यासाठी भात्यावरचे वजन वाढवून हवेचा दाब चढवू नये, आणि ४४० हर्ट्झच्या, म्हणजे आजच्या प्रमाण सुराच्या हट्टापायी जुन्या नळ्या तर मुळीच कापू नयेत. वाद्य गाणाऱ्यांच्या जवळ, भिंतीला पाठ करून ठेवावे. नव्या जागेत लाकूड काही आठवडे स्थिरावले, की मगच सूर लावावेत.

– जुन्या वाद्यांची दुरुस्ती करणारे कारागीर