प्रबंध चढला, नोंदी कुठे गेल्या?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विद्यापीठांच्या डिजिटल भांडारांवरचा कालच्या अंकातला लेख वाचला. त्यातले ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या, संशोधनाची नियतकालिके सरकारी विद्यापीठांना खुली करणाऱ्या केंद्राच्या योजनेचे कौतुक योग्यच आहे. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपयांची तरतूद झाली, महागडी नियतकालिके आपल्या मुलांना वाचायला मिळाली, चांगलेच झाले. पण आपल्याच मुलांनी उन्हातान्हात फिरून घेतलेल्या मोजण्यांचे पुढे काय होते, यावर लेखात एक ओळही नाही. ‘शोधगंगा’ या पीएच.डी. प्रबंधांच्या देशव्यापी ऑनलाइन भांडारात पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत, एवढे सांगून विषय संपवला आहे. प्रबंध म्हणजे डेटा नव्हे. याचा मला रात्रभर राग आला, म्हणून सकाळीच लिहायला बसलो.

१९९८ ते २००१ ही चार वर्षे मी माण तालुक्यातल्या ६४ विहिरींची पाणीपातळी मोजली. जानेवारी, मार्च, मे आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबर, अशी वर्षातून चारदा. पोलादी टेपच्या टोकाला दोनेक मीटर खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायची, वर ओढून खडू कुठवर भिजला ते पाहायचे आणि आकडा वहीत टाकायचा. मे महिन्यात टेप बऱ्याचदा कोरडीच वर यायची. तेव्हा ‘कोरडी’ असे लिहायचे, तीही नोंदच. एकूण १०२४ नोंदी. त्या सगळ्या प्रबंधाच्या परिशिष्टात दिल्या, शिवाय प्रतीच्या मागच्या खिशात फ्लॉपी घालून दिली.

गेल्या वर्षी दहिवडीकडची एक विद्यार्थिनी घरी आली. जलयुक्त शिवारच्या कामांनंतर विहिरींत काय फरक पडला, हा तिचा विषय. त्यासाठी आधीचे आकडे हवेत. माझा प्रबंध तिला ‘शोधगंगे’वर सापडला होता, पण परिशिष्ट नव्हते. अनुक्रमणिकेत आहे, पीडीएफमध्ये नाही. मी स्वतः विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलो. तिथले गृहस्थ म्हणाले, “सर, त्यात नुसते आकडेच होते ना?” मूळ प्रत काढून दाखवली, तर मागचा खिसा रिकामा.

नुसते आकडे! त्या आकड्यांसाठीच तर प्रबंध होता. माझे निष्कर्ष उद्या कोणी खोडून काढील, खुशाल काढावेत. पण मे १९९९ मध्ये त्या विहिरीत पाणी किती खोल होते, हे आता पुन्हा कोणालाही मोजता येणार नाही.

सुदैवाने वह्या माझ्याकडे होत्या. त्या मुलीने आमच्या ओसरीत बसून अकरा दिवस आकडे एक्सेलमध्ये भरले. पेन्सिलीचे ३ आणि ८ पुसट झालेले, प्रत्येक ठिकाणी मला हाक मारायची. तिचे अकरा दिवस कशापायी गेले, याचे उत्तर विद्यापीठाने द्यावे.

यूजीसीच्या २००९ च्या नियमांपासून प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यावी लागते. प्रत म्हणजे पीडीएफ, एवढाच अर्थ विद्यापीठांनी घेतला. त्यासोबत साधी तक्त्याची फाईल आणि कोणत्या रकान्यात काय आहे हे सांगणारे एक पान मागायला काय हरकत आहे? कोणी चोरील ही भीती असेल तर दोन वर्षे कुलूप लावून ठेवा. विहीरमालकांची नावे काढून टाका, मीही काढली आहेत. जिनिव्हाजवळची सर्न ही संस्था ‘झेनोडो’ नावाचे भांडार २०१३ पासून जगभरातल्या कोणालाही फुकट वापरू देते, प्रत्येक नोंदीला डीओआय, म्हणजे ती कायम शोधता यावी असा ओळखक्रमांकही देते. माणच्या विहिरींचे आकडे तिकडे ठेवायला मला आनंद नाही, ते आपल्याच विद्यापीठात असायला हवेत. फाईल तयार आहे, कुठे देऊ, असे विद्यापीठाला विचारून तीन महिने झाले. उत्तर नाही. महिनाअखेरपर्यंत वाट पाहीन, मग ती ‘झेनोडो’वर टाकीन.

जाता जाता आपल्याबद्दलही एक तक्रार. त्या काळात आपल्या जिल्हा आवृत्तीत पावसाळ्यात रोज तालुकावार पाऊस छापून येत असे. ते अंक पाहायला आम्ही आपल्या कार्यालयात गेलो, तेव्हा जुन्या फायली इथे नाहीत एवढेच कळले. त्या कुठे आहेत, ते कृपया कळवावे. आम्ही दोघे येऊन उतरवून घेऊ. विहिरींच्या आकड्यांशेजारी पावसाचा रकाना अजून मोकळा आहे.

आपला,
एक निवृत्त भूगोल प्राध्यापक, सातारा