डायलिसिसच्या फेऱ्या मोजता, ताप का मोजत नाही?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

माझे वडील डायलिसिसवर आहेत, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून. ही योजना नसती तर आमचं शेत केव्हाच विकावं लागलं असतं, त्यामुळे तक्रार पैशांची नाही. तापाची आहे.

मशीन सुरू होऊन थोडा वेळ झाला की हॉलमधल्या एखाद्या पेशंटला हुडहुडी भरते. ब्लँकेट, पॅरासिटामॉल, एखादं इंजेक्शन आणि 'होतं असं कधीकधी'. बहुतेक वेळा त्याच्या मानेत कॅथेटर असतं. ही नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत उघडते. हाताळताना जरा हयगय झाली की कातडीवरचा स्टॅफिलोकॉकस हा जंतू तिच्यातून थेट रक्तात उतरतो आणि हृदयाच्या झडपा, मणके, कुठेही घर करतो. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, २०२३ मध्ये जाहीर केलं, की डायलिसिसच्या रुग्णांना या जंतूचा रक्तसंसर्ग होण्याची शक्यता इतरांच्या १०० पट आहे. त्यांना हे सांगता आलं, कारण तिथली केंद्रं असे संसर्ग नोंदवतात.

आमच्या केंद्रात फेऱ्यांची नोंद चोख असते. पैसे फेरीमागे मिळतात ना! तापाची नोंद मात्र कुठेच नाही. पेशंट गंभीर झाला की दुसऱ्या हॉस्पिटलात हलवतात, तिथल्या कागदावर 'सेप्सिस' (संसर्गामुळे जिवावर बेतणारी अवस्था) लागतं, आणि इथल्या वहीत तो नुसता 'गैरहजर'.

उपाय महागडे नाहीत. कॅथेटर बसवतानाच फिस्टुलाच्या, म्हणजे नळीऐवजी डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडण्याच्या, ऑपरेशनची तारीख द्या. फिस्टुला वापरण्याजोगा व्हायला दीड-दोन महिने तरी लागतात. तारखेसाठी ताटकळण्यात आणखी महिने गेले, तर तेवढे दिवस नळी मानेतच. थंडीताप आला की अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का याची तपासणी) घेणं बंधनकारक करा. नळीला हात लावणाऱ्याने दर वेळी हात धुवून नवे ग्लोव्हज घालायचे, हेही सांगावं लागतंय. एका फेरीला सुमारे १२० लिटर पाणी लागतं, तर आरओच्या पाण्याची जंतू-तपासणी कधी झाली तेही आम्हाला दिसू द्या.

केंद्राच्या दारावर योजनेचा मोठा फलक आहे, नेत्यांच्या फोटोंसकट. त्याखाली दर महिन्याला दोन आकडे लिहायला सांगा: मानेत कॅथेटर असलेले किती, आणि त्यांतल्या किती जणांना रक्तसंसर्ग झाला.

आपला,
एका डायलिसिस रुग्णाचा मुलगा