टाचणं एकदा नीट तपासा की

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

पहिली-दुसरीची वाचन-लेखनाची टाचणं, म्हणजे तासाला काय नि कसं शिकवायचं याची शिक्षकांनी आधी लिहायची टिपणं, आता बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवर रेडीमेड पीडीएफ म्हणून फिरतात, वर्षानुवर्षं तीच, फक्त तारीख बदलून, आणि त्यात ‘आणि’ दीर्घ, ‘मी’ ऱ्हस्व, तीच चूक मग फळ्यावर आणि तिथून पोरांच्या वहीत जाते, वर सही-शिक्का मात्र वेळेवर. पायाभूत वाचन-गणितासाठीचं सरकारी अभियान निपुण भारत 2021 ला सुरू झालं, 2026-27 पर्यंत तिसरी संपेस्तोवर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं हे त्याचं टार्गेट, पण टाचणात अजूनही क ते ज्ञ ओळीनं घोटून घ्या असंच!

आता ङ, ञ, ण ने सुरू होणारा एक तरी शब्द मराठीत आहे का? त्यापेक्षा न, म, क, ग, र, व असा गट घेतला आणि लगेच काना जोडला तर नाक, कान, मामा, गाव, वारा असे शब्द पोरगं चार-सहा दिवसांतच स्वतः वाचतं, आणि वाचता आलं की लिहायलाही आपणहून बसतं. बाराखडी नंतर येईलच की. नंदुरबारकडे घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलांसाठी तर शब्द आधी तोंडी, चित्र दाखवून, मगच अक्षर, हेही टाचणात लिहिलेलं नसतं.

केंद्राच्या (जवळपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत भाषणं जरा कमी करून सगळ्यांनी मिळून एकेक टाचण लाल पेनानं दुरुस्त करावं, आणि जुन्या पीडीएफ ग्रुपवरून काढूनच टाकाव्यात.

— एक प्राथमिक शिक्षिका, जि. नंदुरबार