पुण्याची तिकिटं रद्द केली

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा दोन वाक्यं बोलून फोन आईकडे देतात, आणि आई "जेवलास का"वरून जी सुरू होते ती थेट शेजारच्यांच्या गॅस सिलिंडरपाशी थांबते. सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहितोय. आई, तू वाचून दाखव. बाबांच्या चष्म्याची काडी मोडलीय हे मला ताईकडून कळलं, तुम्ही दोघांनी नाही सांगितलं.

तर, पुढच्या महिन्याची तुमची पुण्याची तिकिटं मी काल रद्द केली. तुम्ही ग्वाल्हेरलाच राहायचं.

रागावू नका. आणि आई, "नकोसे झालो" असलं काही मनात आणू नकोस, माझी शपथ. दिवाळीत हट्ट मीच धरला होता. बाबा मोरीत घसरले, मनगट मोडलं, प्लास्टर घालून घरी आले, आणि मला कळलं दुसऱ्या दिवशी! त्यानंतर कितीतरी रात्री मला झोप नव्हती. इथली खोली तयारही केली होती. भिंतीला धरायला दांडी बसवली, देवांसाठी कोनाडा केला, बाबांसाठी खिडकीशी आरामखुर्ची. बाबांचा चांगला तबला आणि तुझं पोळपाट तर मी दिवाळीतच गाडीत घालून आणलं.

मग माझं मन कुठे फिरलं ते सांगतो. दिवाळीनंतर बाबांचं संगीत कॉलेज उघडलं त्या संध्याकाळी बाबा मफलर विसरून गेले आणि तू मला पिटाळलंस, आठवतं? मी वर्गाच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. कुणी पाहिलं नाही. बाबा सतरंजीवर बसले होते, उजवा हात गळ्यात अडकवलेला. समोर नऊ-दहा वर्षांची एक मुलगी, तिच्यापुढे तबला, आणि डग्ग्याची रिंग खालून सरकलेली. हात चालत नाही म्हणून बाबा तोंडानं बोल म्हणत होते आणि डाव्या हातानं मांडीवर ताल धरत होते. ती झपताल वाजवत होती, दर वेळी तालाच्या खालीला अडखळत होती. बाबा चिडले नाहीत. (माझ्यावर चिडायचे!) म्हणाले, "बेटा, खाली है, डग्गा चुप रहेगा. उसको चुप रहने दे." चौथ्या-पाचव्या आवर्तनाला तिला जमलं. तिनं मान वर करून बाबांकडे पाहिलं, आणि बाबांनी प्लास्टरातली बोटं हलवून दाद दिली. मी मफलर दारामागच्या खुंटीला अडकवला आणि निघून आलो.

बाहेर तिचे वडील स्कूटरवर थांबले होते. दाल बाजारात हमाली करतात. मला म्हणाले, "मास्साब के लड़के हो?"

बाबा, पुण्यात तुम्हाला मास्साब कोण म्हणणार? गाणं इथे उदंड आहे, पण ते तिकीट काढून, खुर्चीत बसून ऐकायचं. मागे दोन महिने आलात तेव्हा जेवायच्या टेबलावर बोटं वाजवत बसायचात आणि खालच्या मजल्यावरून निरोप यायचा. अकरा मजल्यांची इमारत, आणि तुम्ही गॅलरीतून गाड्या मोजायचात. मी ऑफिसातून आलो की आकडा सांगायचात, चेष्टेनं. ती चेष्टा नव्हती हे मला उशिरा कळलं.

लहानपणी ती 1918 ची गोष्ट ऐकून आम्ही कंटाळायचो. माधवराव शिंदे महाराजांनी संगीतपंडित भातखंड्यांना बोलावलं, ग्वाल्हेरचे गवई त्यांच्याकडे शिकायला मुंबईला धाडले, राजाभैया पूछवाले त्यातलेच, आणि 10 जानेवारीला शाळा उघडली, तेच तुमचं कॉलेज. ताई तर तुमच्या आवाजात अख्खी म्हणून दाखवायची. पण त्या दाराशी उभा असताना गोष्टीचा अर्थ लागला. आधी उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षं पडून राहावं तेव्हा मर्जी झाली तर एखादी चीज, म्हणजे बंदिश, पदरात पडायची. ती या शाळेत फळ्यावर स्वरलिपीत लिहून मिळू लागली. म्हणून तर हमालाची मुलगी झपतालाची खाली शिकतेय. तानसेनाच्या समाधीपाशी समारोहाच्या सभा उघडताना ध्रुपद गाणारी पोरं काही तिथल्या, पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणतात त्या, चिंचेच्या झाडाला लागत नाहीत. ती या कॉलेजातून आणि गावातल्या असल्याच शाळांतून येतात. 2023 साली युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हटलं, तेव्हा तुम्ही पेपर बाजूला ठेवून म्हणालात, "त्यांना आत्ता कळलं." त्याच डिसेंबरात किल्ल्यावर 1282 तबले एकदम वाजले, गिनीजचा विक्रम झाला, आणि तुमची चिंता काय, तर एवढे तबले एका सुरात लावले कुणी!

आता एक खरं सांगतो, नाहीतर ताई सांगेलच. त्या खोलीत हिच्या आई राहायला येणार आहेत. आधी हे ठरलं आणि मग मला झपताल आठवला, असं नाही. पण दोन्ही एकाच आठवड्यात झालं, आणि मला थोडं हलकं वाटलं, हेही खरं. त्याबद्दल मला काय म्हणायचं ते म्हणा.

व्यवस्था सगळी केलीय. सकाळ-संध्याकाळ बाई येईल, स्वयंपाक आई तूच कर, वरचं काम तिला सांग. मोरीत दांड्या बसवायला माणूस सोमवारी येईल, त्याला "आम्हाला नको" म्हणून परत पाठवायचं नाही. खरबरीत फरशीही तोच घालेल. बाबांना साडेचारला ई-रिक्षा न्यायला येईल आणि सातला आणून सोडेल, महिन्याचे पैसे दिलेत, त्यामुळे चालत जाऊन पैसे वाचणार नाहीत. प्लास्टर निघाल्यावरही डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय तबल्याला हात लावायचा नाही. बाबा, तोंडानं शिकवा, छान शिकवता. रक्तदाबाची गोळी सकाळी, चहाच्या आधी नाही, नंतर. थंडी पडली की शेगडी खोलीत घेऊन दार लावायचं नाही, हीटर कपाटावर आहे. आई, गुडघ्याला पट्टा बांध, तो गादीखाली सापडेल. आणि पडलात, धडपडलात, नुसतं चक्कर आल्यासारखं झालं तरी त्याच दिवशी फोन.

डिसेंबरात समारोहाला मी येतोच, चांगली सुट्टी काढून. सकाळी ढोलीबुवांची हरिकथा आणि मौलवींचा मिलाद, आणि रात्रीची सभा. लहानपणी मी त्या सभेत तुझ्या शालीत झोपायचो आणि बाबा समेवर माझ्या पाठीवर थाप मारायचे, त्यानं जाग यायची. या वेळी शाल मी आणेन. तू फक्त गूळपोळ्या कर, चारच, जास्त नाही.

पोळपाट बरोबर आणतो. तबलाही. काळी चारच्या सुराला लावलेला होता तो इथे येऊन उतरलाय. मी हात लावला नाही, हातोडी तुमच्याकडेच आहे.

तुमचा
बाळू