ओट्यावर राहिलेला डबा

नागपूर, रविवार रात्र

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा मेसेज आईच्या फोनवर आला, माझ्या नाही. बरोबरच आहे. 'इतिहासानं पोट भरते का' हे काका बोलले, पण मान मी डोलावली, आणि तू ते पाहिलंस. पुडाच्या वड्यांचा डबा ओट्यावरच राहिला. आजी कालपासून विचारून राहिली, पोरगी जेवून गेली का.

पोटाचा विषय या पत्रात काढायचा नाही असं ठरवून बसलो आहे. नेटचं, त्या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेचं, तेवढं सांगतो.

एमएच्या शेवटच्या वर्षाला असतानाच फॉर्म भरता येतो, तेव्हा निकालाची वाट पाहू नकोस. पहिला पेपर 50 प्रश्नांचा, दुसरा 100 चा; दोन्ही मिळून 3 तास, 300 गुण. चुकलं तर गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. इतिहासाची मुलं दुसऱ्या पेपरात जीव ओततात आणि पहिल्यातल्या तक्त्यांच्या, टक्केवारीच्या प्रश्नांवर घसरतात. तिथले चार-पाच प्रश्न गेले की नेट होते, जेआरएफ म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती हुकते. आणि फरक तिथेच आहे. जेआरएफ असली तर पीएचडी करताना महिना 37,000, दोन वर्षांनंतर 42,000. बघ, आलोच पुन्हा पोटावर.

ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. आपल्याकडे आहे तो राज्याचा. सेतूत नुसतं 'नॉन-क्रिमिलेअर' म्हटलं की राज्याचाच हाती देतात आणि ते कळतं थेट पडताळणीच्या वेळी. अर्ज मी करतो, तू फक्त सही कर. आधारवर तुझ्या इंग्रजी नावात एक 'ए' जास्त आहे, दहावीच्या गुणपत्रिकेवर नाही. ते आधी दुरुस्त कर. हे मी दिवाळीतही सांगितलं होतं. असो, रागावत नाही.

मोडी लिपी मात्र सोडू नकोस. वर्गात शिकवतात ती छापील वळणाची; जुन्या दप्तरांतल्या कागदांवरची वेगळीच. कारकून आधी कागदभर आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि मग तिला अक्षरं टांगत जायचा. लेखणी उचलायची नाही, त्यामुळे शब्द कुठे तुटतो ते आपणच ठरवायचं. वेलांटी एकच, उकार एकच. नवशिके अडतात ते तारखेपाशी. 'अर्बा सबैन मया व अलफ' म्हणजे अरबीत चार, सत्तर, शंभर, हजार; जुन्या कागदांतल्या शुहूर कालगणनेचं सन 1174. त्यात 599 मिळव, 1773 येतं. पण हे वर्ष मृगाला बदलतं, म्हणून जानेवारी ते मेच्या कागदाला 600 मिळवायचे. हा एक आकडा चुकला की पत्र लिहिणारा माणूस मेल्यावर पत्र लिहितो! रोज एक पान, मोठ्यानं वाचत. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला निघाले तेव्हा मराठवाड्यात मोडी वाचणारे शोधावे लागले होते. म्हणजे या कामात पोट... जाऊ दे.

दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागाराची एक वर्षाची पदविका आहे, ग्रेटर नोएडाला पुरातत्त्वाची दोन वर्षांची. दुसरीला लेखी परीक्षा आणि मुलाखत असते. मुलाखतीला जाण्याआधी एखाद्या उत्खननावर महिनाभर राहून ये. खापरं धुणं, त्यांवर नंबर टाकणं, थराची नोंद ठेवणं हे पुस्तकातून येत नाही. उन्हात टोपी घालशील का, हे मी विचारत नाही.

दुसरीत होतीस. काटोल रोडवर जुनापाणीला दगडांच्या वर्तुळात उभी राहून एका दगडावरच्या वाटीएवढ्या खळग्यांत बोट घालत होतीस. "बाबा, हे मोजायचं होतं त्यांना की खेळायचं?" तुझी आई सावलीला चल म्हणून ओरडत होती आणि तू सतरापर्यंत मोजून पुन्हा एकपासून सुरू केलंस. त्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणाकडे पक्कं नाही. काकांना हे सांगायला हवं होतं त्या दिवशी. सुचलं नाही.

नोएडा फार लांब आहे. तरी फॉर्म भर.

डबा उद्या ट्रॅव्हल्सवाल्याकडे देतो, परवा सकाळी घेऊन ये. वड्या त्याच दिवशी संपव, आत सांबार, म्हणजे कोथिंबीर आहे, टिकत नाही. दोन मैत्रिणीला दे, पण आधी तू खा.

तुझा
बाबा